दत्त्या, ते रेग्युलेटर आधी काढ

वसमत, रविवार

दत्त्या,

तुझा मेसेज वाचला अन् चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. हळदीच्या पुड्या सील करायला फॅनच्या रेग्युलेटरवर शेगडीच्या कॉइलचा तुकडा जोडायलास म्हणे. आधी तो प्लग काढ, मग पुढचं वाच.

मी पण असंच केलतं रे. आई अन् मावशी मेणबत्ती अन् हॅक्सॉ ब्लेडवर पुड्या चिकटवायच्या, चारात एक जळायची, म्हणून मी १००० वॅटच्या शेगडीची कॉइल आणली, फूटभर तोडली, ताणून सरळ केली अन् दिली लावून २३० वर. एमसीबी, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, खटकन पडली. अख्ख्या कॉइलचा रेझिस्टन्स ५३ ओहमच्या आसपास, फूटभराचा फक्त २, ती शंभरावर अँपिअर मागणारच की! मग लई डोकं लावून १०० वॅटचा बल्ब तारेच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडून, टाकला. बल्ब झकास पेटला, तार थंडगार. टेस्टर टेकवला तर लाल, म्हणजे तार लाइनवरच. थंड दिसली म्हणून बोट लावलं असतं तर आज पत्र कोण लिहिलं असतं. तुझ्या रेग्युलेटरचं पण तेच, गरमी कमी करंल पण तार लाइनलाच जोडलेली राहते, अन् फॅनपुरतं बनवलेलं ते, कवाबी जळंल.

त्यापेक्षा २३० चे व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घे, दोन वायंडिंग (तारेचे वेढे) वेगळे असलेला, म्हणजे तार लाइनपासून सुटी राहते; एकाच वायंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. ६-०-६, म्हणजे बाहेर तीन वायरी असलेला, ५ अँपिअरचा. मधली वायर अन् एक टोक घेतलं की ६ व्होल्ट, ३ अँपिअर, १८ वॅट, पुडीला बास. मी हावरटासारखी दोन्ही टोकं घेतली, १२ व्होल्ट, म्हणलं दुप्पट तापंल. दुप्पट कुठलं, चौपट, ७२ वॅट! तार लालबुंद, पुडी चिकटू नये म्हणून वर लावलेली टेफ्लॉन टेप धुरली, असा घाण वास की आईनं मलाच बाहेर काढलं, ट्रान्सफॉर्मर पण हात लावू देईना.

तारेला सोल्डर धरत नाही, पितळी स्क्रूखाली आवळ. तापली की लांबते अन् लोंबते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग पाहिजेच, नसता सील वाकडं येतं. २३० च्या बाजूला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाक, मशीनच्या पत्र्याला अर्थिंग दे. पुडी तारेवर दाबून धर, बटन दाबून दोन सेकंद, मग बटन सोडायचं पण दाब तसाच ठेवायचा, प्लास्टिक थंड झालं की उचल.

माझ्याकडं एक ट्रान्सफॉर्मर जास्तीचा पडलाय, गुरुवारी परभणीला यायलोय तर घेऊन येतो, तवर मेणबत्तीवरच भागव. अन् काकूला सांग, मागच्या वेळचं लोणचं संपलं.

तुझा,
बाळ्या