मंत्रिमहोदय, कॅन्सर फोडणाऱ्या विषाणूंसाठी परळमध्ये जागा द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. माझे धाकटे दीर दोन वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. मावा सुटला नव्हता. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि सहा महिन्यांत मानेवर गाठ परत आली. शेवटी शेवटी त्यांचं तोंड एक बोटभरही उघडत नसे. नाकातल्या नळीतून मी सिरिंजनं डाळीचं पाणी सोडायचे. बोलता येत नव्हतं म्हणून जवळ पाटी ठेवली होती. एके दिवशी तिच्यावर लिहिलं, ‘वहिनी, मीठ घाला.’ नळीतून जाणाऱ्या पाण्याची जिभेला चव लागत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी मीठ घातलं.

त्या गाठीचं ड्रेसिंग मी रोज करत होते. गाठ बोटाखाली होती, सुई सहज पोचेल अशी. आणि मला माहीत होतं, की अशाच गाठींमध्ये सुईनं विषाणू सोडण्याचं औषध जगात आहे. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरवर ‘टी-व्हेक’ या औषधाला मान्यता मिळाली. ओठावर पुरळ आणणारा नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू घेऊन त्याची दोन जनुकं काढली आहेत. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती धोका ओळखते आणि प्रथिनं बनवणंच थांबवते, म्हणजे विषाणूला वाढायला काही उरत नाही. मूळ हर्पिसकडे हा बंद मोडून काढणारं जनुक असतं, काढलेल्या दोनांपैकी एक तेच. कॅन्सरच्या पेशीत हा बंदोबस्त बहुधा आधीच ढिला झालेला असतो. तिथे हा पांगळा विषाणूसुद्धा वाढतो, पेशी फुटते, आणि बाहेर पडलेले विषाणू शेजारच्या पेशीत घुसतात. शिवाय त्यात माणसाचं एक जनुक घातलेलं आहे, ते प्रतिकारपेशींना गाठीकडे बोलावतं. फुटलेल्या पेशींच्या अवशेषांवरून त्या कॅन्सर ओळखायला शिकतात. मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे सुई न टोचलेल्या गाठीही काही वेळा आटतात.

आकडे मी फुगवून सांगणार नाही. 436 रुग्णांच्या चाचणीत शंभरातल्या सोळा जणांना टिकाऊ गुण आला. तुलनेच्या औषधानं तो दोघांना आला होता. बाकीच्यांना नाही. पण वॉर्डात बसलेल्या नातेवाइकाला दोन आणि सोळा यांतला फरक विचारून बघा.

चीननं तर 2005 मध्येच डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी बदललेल्या ॲडिनोव्हायरसला परवानगी दिली, केमोच्या जोडीनं द्यायला. जपाननं 2021 मध्ये मेंदूच्या गाठीवरच्या हर्पिस विषाणूला सशर्त मान्यता दिली. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे, आणि हा आजार तर सुईच्या टप्प्यातला.

आता परळबद्दल. प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था परळमध्ये आहे, राज्य सरकारची आहे. पोलिओचे थेंब हाफकिनच्या नावानं देशभर गेले. आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं मेंदूच्या कॅन्सरवर जो विषाणू वापरला, तो पोलिओच्या तोंडी लशीतल्याच विषाणूवरून केलेला आहे, सर्दीच्या विषाणूचा एक तुकडा जोडून! 61 रुग्णांपैकी 21 टक्के तीन वर्षांनंतरही हयात होते. पूर्वीच्या तशाच रुग्णांत हे प्रमाण चार टक्के होतं. म्हणजे आपली माणसं वर्षानुवर्षं ज्या जातीचा विषाणू हाताळत आली, त्याचंच हे भावंड.

हाफकिनपासून टाटा मेमोरियल चालत काही मिनिटांवर आहे. बाहेरच्या फूटपाथवर नाकाला पांढरी चिकटपट्टी लावलेली, त्यातून नळी लोंबणारी माणसं बसलेली असतात. आपण त्या रस्त्यानं गेला असाल, तर पाहिली असतील.

टाटा आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून ‘नेक्सकार-19’ ही कार-टी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडण्याची पद्धत, उभी केली. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथे काही लाखांवर आला. म्हणून ‘आपल्याला जमणार नाही’ हे कारण आता पटत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. हाफकिनमध्ये माणसाला टोचण्याच्या दर्जाचे विषाणू तयार करणारा एक छोटा विभाग उभारावा आणि त्याचा खर्च निदान पाच वर्षं अखंड चालू ठेवावा. मधेच निधी थांबला की शिकलेली माणसं निघून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पहिली चाचणी ऑपरेशननंतर उलटलेल्या तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरवर व्हावी. 2019 पासून जनुकीय उपचारांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या चौकटीतच व्हावी.

कडक तपासणीबद्दल मात्र तडजोड नको. लाटव्हियात अशाच एका विषाणू-औषधाची नोंदणी 2019 मध्ये स्थगित झाली, कारण कुप्यांमध्ये सांगितल्यापेक्षा कमी विषाणू निघाले. हताश नातेवाईक कशावरही विश्वास ठेवतात. मीही ठेवला असता. अशा लोकांना कोणी खासगी दुकानदारानं आशा विकण्याआधी सरकारनं तपासलेली कुपी आणावी.

येत्या अधिवेशनाआधी हाफकिनच्या आणि टाटाच्या तज्ज्ञांना आपल्या दालनात एकत्र बोलवावं. खर्च किती आणि वर्षं किती, ते तेच सांगतील. बैठकीचं इतिवृत्त लोकांसमोर ठेवावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा