चिपला कान नसतात!

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीत प्रकाशावर चालणाऱ्या चिपबद्दल ‘आवाज ऐकणारी चिप’ असं छापलंत. वीस वर्षं कोल्हापुरात फायबर जोडतोय, राहवलं नाही. त्यात मायक्रोफोन नसतो हो! लेसरचा प्रकाशच आतल्या बारीक वाटेत कंप उठवतो आणि त्यावरूनच मागे फिरतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्रिल्वाँ यांनी हे १९२२ मध्येच मांडलं होतं. हा कंप म्हणजेच ध्वनी, तो प्रकाशाहून हजारो पटींनी संथ, म्हणून सिडनीत २०१७ मध्ये प्रकाशातली माहिती काही नॅनोसेकंद ध्वनीत थोपवून धरली. घोळ आहे तो नेहमीच्या चिपमधल्या सिलिकॉनचा. तालमीत पैलवान आपटला की दणका तांबड्या मातीत जिरतो ना, तसा त्यातला कंप खालच्या काचेच्या थरात गळतो. म्हणून ती वाट खालून पोखरून अधांतरी ठेवतात. दुरुस्ती छापाल? पुरवणीच्या कोपऱ्यातही चालेल.

– एक फायबर जोडारी, शाहूपुरी, कोल्हापूर