सर, मला गाडी लागते

प्रिय बंड्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तुझा मागचा मेल आला तेव्हा परीक्षा चालू होत्या, त्याच्या आधीचा आला तेव्हा काय चालू होतं ते आठवत नाही, पण काहीतरी होतंच. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी सुरू, साखर काठावर, चष्म्याचा नंबर वाढलाय. झालं तब्येतीचं.

आमच्या शाळेची अभ्यास सहल परदेशी निघाली आहे. जिनिव्हाला, सर्न बघायला, म्हणजे अणूच्या आतल्या कणांवर संशोधन करणारी युरोपातली मोठी प्रयोगशाळा. आणि न्यायची जबाबदारी कोणावर, तर माझ्यावर. हस पोटभर. पक्याला सांगितलं तर तो म्हणाला, मुलं परत येतील, तुझी खात्री नाही.

फॉर्म वाटून झाले, आणि परवा मधल्या सुट्टीत आमचा एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, "सर, मी नाही येत. मला गाडी लागते."

अरे, तेच वाक्य! शब्दाचा फरक नाही. फक्त तू शाळेत मोठ्या सरांपुढे सांगून झाल्यावर तोंडावर हात धरून ओकारीची ॲक्टिंगही केली होतीस, हा बिचारा नुसता उभा राहिला. मला हसूही आलं आणि पुढच्या तासाला काय शिकवलं ते देवाला ठाऊक. ज्या माणसाला गाडी लागायची तो आज जहाजाच्या इंजिनरूममध्ये महिनेच्या महिने काढतो आणि बिस्केच्या उपसागरात बोट हेलकावे खात असताना पोटभर जेवतो, हे त्या पोराला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. आधी तुला लिहितोय.

तो गेल्यावर फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं भरलेलं. अक्षर सुवाच्य. आणि सगळं पेन्सिलीने. का, ते कळायला मला जरा वेळ लागला. खोडून दुसऱ्या कोणाला देता यावा म्हणून. म्हणजे घरी नेला, भरला, पालकांच्या सहीपाशी आला आणि तिथे थांबला. त्या चौकोनात काही नाही, नुसता पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका.

नाव सांगत नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही. पण पोरगा कसा आहे ते सांगतो. सहलीची पूर्वतयारी म्हणून मी वर्गात सर्नची माहिती देत होतो. 1954 साली स्थापना, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर तो लार्ज हेड्रॉन कोलायडरचा, म्हणजे कणांना वेग देऊन त्यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा, 27 किलोमीटरचा गोल बोगदा, त्यात प्रोटॉन एका सेकंदात 11,245 फेऱ्या मारतो, वगैरे. पोरं माना डोलावत होती. हा मागच्या बाकावर वहीत काहीतरी खरडत होता. हात वर. "सर, 27 गुणिले 11,245 म्हणजे तीन लाख तीन हजारांच्या वर जातं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या आतच आहे. हा प्रोटॉन प्रकाशाच्या पुढे चाललाय." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण गुणाकार बरोबर होता. घरी येऊन शोधलं. 27 हा बोलायचा आकडा. खरा परीघ 26,659 मीटर. तो घेऊन गुणलं की उत्तर येतं दोन लाख नव्याण्णव हजार सातशेऐंशी, प्रकाशाच्या अगदी जरासं मागे. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि खाली बसला. जणू सर्नला त्याच्या मंजुरीची वाट बघावी लागली होती.

आणि हाच येणार नाही. जे येणार आहेत त्यातल्या अर्ध्यांना सर्न म्हणजे पुढच्या ॲडमिशनसाठी लागणारं सर्टिफिकेट. पालकसभेत पहिला प्रश्न तोच होता: सर्टिफिकेटवर परदेशी शिक्का असेल ना? दुसरा, नटराजापाशी फोटो काढायला वेळ मिळेल ना. (तिथे आवारात नटराजाची दोन मीटरची मूर्ती आहे, भारत सरकारने 2004 साली भेट दिलेली.) बघायचं काय आहे, हे कोणी विचारलं नाही. जाऊ दे. आपण तरी सहलीला कुठे लेणी बघायला जात होतो? लंब्या तर लेण्याच्या पायरीवर पत्ते पिसत बसला होता.

सहल कंपनीने पाठवलेला कार्यक्रम तू बघायला हवा होतास. पॅरिस, जिनिव्हा, युंगफ्राऊचं बर्फाळ शिखर, म्युनिक, व्हेनिस. मुलं खिडकीतून युरोप बघणार आणि बसमध्ये झोपणार. सर्नला दोन तास, "फोटो स्टॉपसह". चॉकलेटच्या कारखान्याला अर्धा दिवस. आणि ते दोन तास ठेवलेत सोमवारी. सर्नचं सायन्स गेटवे, ते 2023 साली उघडलेलं नवं प्रदर्शन, सोमवारी बंद असतं! म्हणजे पोरं इथून जिनिव्हापर्यंत जाऊन रेन्झो पियानो या वास्तुशिल्पकाराने आखलेल्या नळ्यांसारख्या इमारती बाहेरून बघणार. अभ्यास सहल म्हणे.

मी भांडलो. तुला माहीतच आहे, भांडायचं म्हटलं की माझी तब्येत सुधारते. म्हटलं, बाकीची गावं काढा. आठवडाभर जिनिव्हातच राहू. सायन्स गेटवेला तिकीट नाही. सर्नच्या गाइडबरोबरच्या फेरीलाही पैसे पडत नाहीत आणि ते गाइड म्हणजे तिथेच काम करणारी माणसं, आपल्या हौसेने येतात. यंत्र चालू असताना खाली बोगद्यात नेत नाहीत, पण 1957 साली सुरू झालेला त्यांचा पहिला त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, समोर उभं राहून बघता येतो. यूथ हॉस्टेलमध्ये उतरलं तरी शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. एक दिवस बर्नला, आगगाडीने दोन तासांच्या आत. क्रामगासं रस्त्यावर 49 नंबरचं घर आहे, आइनस्टाइन 1903 ते 1905 तिथे भाड्याने राहत होता आणि पेटंट कचेरीत कारकुनी करत होता. एवढं पुरे की रे! पोरांना एक शहर तरी नीट कळेल, ट्राम चुकली तर परत कसं यायचं ते कळेल. पण पालकांना यादी लांब हवी. कमी गावं म्हणजे कमी सहल, असा हिशेब. शेवटी युंगफ्राऊ ठेवून बाकीची तीन गावं कापली. खर्च बराच खाली आला, पण त्या पोराच्या घराला परवडेल इतका नाही. विमानाचं भाडं कुठून कापणार?

अजून एक गंमत. बिलात प्रत्येक मुलाच्या नावावर व्हिसा फी लावलेली. आता शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम असा, की शिक्षणाच्या कारणाने जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ असते. अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क पडतं, ते वेगळं. मी नियम दाखवला तर उत्तर आलं, "नजरचुकीने राहिलं." नजर चुकते ती नेहमी एकाच बाजूला कशी चुकते, हे मला एकदा समजून घ्यायचंय. शिवाय दर पंधरा मुलांमागे एका शिक्षकाची जागा फुकट. फुकट कसली, माझं तिकीट त्या पंधरा पोरांच्या बिलात वाटून टाकलेलं. त्यात तो पोरगा नसणार आणि मी असणार, हे मला गिळवत नाही.

पैशाचं म्हणशील तर जमेल. दोघेतिघे माजी विद्यार्थी देतील, थोडे मी घालीन, तुझ्या खिशात हात घालायला तू आहेसच. घोडं अडलंय दुसरीकडे. ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही.

आठव, आपल्या शाळेत तुझ्या सहलीच्या वेळी प्रार्थनेनंतर मोठे सर स्टेजवर उभे राहून म्हणाले होते, एका उदार गृहस्थांनी आपल्या एका गरीब विद्यार्थ्याचा सहलीचा खर्च उचलला आहे, तो विद्यार्थी उभा राहील. तू उभा राहिलास. टाळ्या झाल्या. मग संपूर्ण सहलभर तू शेवटच्या सीटवर बसलास आणि माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस, कारण तुला वाटलं मी सांगितलं. पुन्हा एकदा लिहून ठेवतो, वाटलं तर जहाजाच्या लॉगबुकात नोंद कर: मी सांगितलं नव्हतं. लंब्याने सांगितलं. तो कबूल करत नाही, करणारही नाही, पण माईंनी त्याला शाळेत मोठ्या सरांशी बोलताना बघितलं होतं. तू म्हणतोस माई तुझी बाजू घेतात. माई कोणाची बाजू घेत नव्हत्या रे, त्या फक्त बघत होत्या. असो. हे भांडण आपण म्हातारपणासाठी राखून ठेवलंय ना?

तर आता उदार गृहस्थ मी. आणि स्टेज नको आहे. शाळेचा गरीब विद्यार्थी निधी आहे, पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि धनादेश देतानाचा फोटो फलकावर लागतो. म्हणजे तेच, फक्त टाळ्यांऐवजी पुशपिन. गुपचूप करावं तर व्हिसाचे कागद आडवे येतात. आईवडील दोघांच्या सह्या, त्यांचे बँकेचे उतारे, आणि खर्च दुसरा कोणी करत असेल तर त्याचं नावानिशी पत्र. कागद कारकुनाच्या हातातून जाणार, सहल कंपनीच्या हातातून जाणार, आणि विमानतळावर पोचेपर्यंत सगळ्या पोरांना ठाऊक होणार. पोरांचे कान किती तिखट असतात ते आपल्याला ठाऊक, आपणही पोरं होतो.

त्यावर मी एक तोड काढली आहे. सगळ्यांनीच पैसे शाळेच्या खात्यात भरायचे आणि सगळ्याच मुलांसाठी एकच पत्र, की सहलीचा सारा खर्च शाळा करते आहे. कोणाच्या बापाचं पासबुक कुठेच जोडायचं नाही. वकिलातीने पालकांचेही उतारे मागितले तर बघू, पण आमच्या हेडबाई तयार आहेत, त्या तोंडाच्या घट्ट आहेत. कागदावर तो पोरगा आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच ओळीत. ही तोड मला आवडलीय, मान्य कर.

राहिला तो स्वतः. त्याला काय सांगू? थाप चालणार नाही. एक जागा फुकट मिळाली, चिठ्ठी टाकली, तुझं नाव निघालं, असं सांगितलं तर तो विचारेल किती चिठ्ठ्या होत्या आणि टाकताना कोण हजर होतं. ज्याने प्रोटॉनला सोडलं नाही तो मला सोडेल? खरं सांगितलं तर तुझ्यासारखी मान खाली घालून शेवटच्या सीटवर बसेल, आणि मग त्याला नेऊन मी काय मिळवलं? "मोठेपणी फेड" म्हणावं तर पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर कर्ज. दुसऱ्या एका मास्तरांचं म्हणणं, सर्नचीच शाळांसाठी स्पर्धा आहे, 2014 पासून चालू आहे. किमान पाच जणांचा संघ करून प्रयोगाचा प्रस्ताव पाठवायचा. जिंकलेल्या संघाला प्रवासखर्चासकट बोलावतात आणि खऱ्या कणशलाकेवर, म्हणजे त्वरकातून निघणाऱ्या कणांच्या झोतावर, प्रयोग करू देतात. वय सोळा लागतं, पुढच्या वर्षी त्याला बसेल. बसवणारच आहे मी. पण जगभरातून संघ येतात, जिंकणारे मोजके. त्या भरवशावर या वर्षी त्याला घरी ठेवायचं आणि परत आलेल्या पोरांचे फोटो दाखवायचे? मला नाही पटत.

एक विचार असा येतो, की त्याला कामच द्यावं. सहलीच्या आधी वर्गाला चार तास शिकवायचं, तिथे गाइडला विचारायचे प्रश्न काढायचे, परत आल्यावर वही तयार करायची. मोबदला म्हणून जागा. हे दान नाही आणि थापही नाही, मला खरंच असा कोणीतरी हवा आहे. पण मग इतर विचारतील, आम्हाला का नाही काम? विचारू देत, परीक्षा घेतो. ती त्यानेच काढलेल्या गणितांची घेतो. पण हे तुला कसं वाटलं असतं? तेव्हा मोठ्या सरांनी तुला बोलावून म्हटलं असतं, बंड्या, बसमध्ये हजेरी घ्यायला मला माणूस हवाय, तर तू गेला असतास की तिथेही वास काढला असतास? खरं सांग, माझं मन राखू नकोस.

तुझ्या गुडघ्याचं वहिनींकडून कळलं. उतर आता त्या शिड्यांवरून, पोरांना चढू दे. लेकीला नोकरी लागली, फार बरं वाटलं, तिला वेगळं लिहितो. घराचं रंगकाम झालं का? पक्या म्हणत होता तू निळा लावलास. निळा?

फॉर्म माझ्या खणात आहे. मुदत महिनाअखेरची, म्हणजे बंदराला लागलास की आधी उत्तर दे, झोप नंतर काढ. फोन करू नकोस, घरात सगळे कान टवकारून असतात आणि तू इंजिनरूममध्ये असल्यासारखा ओरडतोस. लिहून पाठव.

तुझा,
मास्तर

ता. क. लंब्याला यातलं काही कळवू नकोस. पैसे मात्र त्याच्याकडूनही घेणार आहे, कशासाठी ते न सांगता.