घोडा नाचवतोस का, असं विचारलंस म्हणून

व्हिएन्ना,
१४ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

"साठीला टेकलास आणि घोडा नाचवायला शिकतोस? वरातीची सुपारी घेतलीस की काय?" तुझं हे वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको अजून हसतेय. सारंगखेड्याच्या यात्रेत वाद्यांच्या तालावर पाय आपटणारे घोडे आपण दोघांनी पाहिलेत, तेव्हा तुला तेच आठवणार. पण ड्रेसेज, म्हणजे घोड्याला अगदी हलक्या इशाऱ्यांवर डौलदार चालवायची कला; तिचे धडे म्हणजे आधी माणसाची तालीम, हे मलाही इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

अजून बहुतेक वेळा माझ्या रिकिबी काढून ठेवतात आणि लगामही हातात देत नाहीत. घोड्याला लांब दोरी लावलेली असते. ती धरून शिकवणाऱ्या बाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहतात आणि मी त्यांच्याभोवती गोल गोल फिरतो. दुडकी चाल सुरू झाली की मणका न् मणका मोजून घ्यावा! भीतीनं गुडघे आवळले की आणखी वर उडतो. मांड्या सैल सोडल्या, पोटातून श्वास सोडला, की मग कुठं मांड बसते. एकदा ती बसली की नुसता श्वास सोडून पाठ स्थिर केली तरी माझा म्हातारा हाफलिंगर जातीचा घोडा थांबतो. पहिल्यांदा थांबला तेव्हा मला वाटलं, तो दमला असेल.

शहरातल्या जगप्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळेतही उमेदवाराची सुरुवात याच दोरीवर होते. १५६५ पासून तिची नोंद सापडते आणि तिथं तयार स्वार व्हायला दशकभर तरी लागतं. मुलींना मात्र २००८ पर्यंत उमेदवारी नव्हती, बोल आता!

एवढा खटाटोप कशासाठी? घोड्याचं वजन मुळातच पुढच्या पायांवर जास्त असतं, त्यात आपण वर बसतो. ते मागच्या पायांवर न्यायचं, म्हणजे घोडा हलका होतो आणि त्याचे पायही टिकतात. त्यासाठी अठराव्या शतकातल्या द ला गेरिनिएर या फ्रेंच उस्तादाचा व्यायाम अजून घोटून घेतात. घोडा सरळ रेषेतच चालवायचा, पण त्याचे खांदे किंचित आत, मैदानाच्या बाजूला, घ्यायचे. मग आतला मागचा पाय पोटाखाली येऊन भार उचलतो. लगाम ओढून हे होत नाही. जबरदस्तीनं घोड्याकडून करून घेतलेल्यात काही शोभा नसते, असं झेनोफोन नावाचा ग्रीक दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच सांगून गेलाय. सारंगखेड्यात काही घोड्यांच्या तोंडातले काटेरी लगाम आठवतात ना?

वयाचं म्हणशील, तर आमच्या तुकडीत नऊ वर्षांची मुलगी आहे, एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि मी. तिघांना धडा तोच. मुलगी सर्वांत पुढे, हे सांगायला नकोच. जपानचे हिरोशी होकेत्सू ७१व्या वर्षी लंडन ऑलिंपिकला उतरले होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेलना पोलिओनं गुडघ्याखाली बळच उरलं नव्हतं. घोड्यावर चढायलाही मदत लागे. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी रौप्यपदक जिंकलं, तेही बायकांना या खेळात पहिल्यांदाच प्रवेश मिळाला तेव्हा. त्याआधी लष्करातले फक्त अधिकारीच चालत. १९४८ला स्वीडननं एका सार्जंटला तात्पुरता अधिकारी करून उतरवलं म्हणून नंतर त्यांचं सांघिक सुवर्ण काढून घेतलं. घोड्याला हुद्दा कळतो, असं वाटलं असावं नियमवाल्यांना!

आपलीही पोरं काही कमी नाहीत. २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता.

तुझ्या नातीला शिकायचंय म्हणतोस. फी विचारण्याआधी अर्धा तास कठड्याला टेकून धडा बघ. नवख्याला दोरीवर बसवतात की पहिल्याच दिवशी लगाम देऊन सोडतात? घोडा सारखी शेपटी आपटतोय, तोंड उघडतोय, कान मागे पाडतोय, तर तिथून निघ. बाकी टोपी-बुटांची फॅशन नंतर. हेल्मेट मात्र नवंच घे.

आणि एप्रिलमध्ये यायचं नक्की कर. अश्वशाळेतल्या सकाळच्या सरावाची तिकिटं काढून ठेवतो. तिथं फोटो काढू देत नाहीत, तेव्हा तो तुझा मोठा कॅमेरा घरीच ठेव आणि त्या जागेत भाजणीचं पीठ आण.

तुझा,
सुध्या