डोंगरवाटेचा उतार आणि सोबत
महोदय,

गेल्या रविवारी मैत्रिणीबरोबर डोंगरवाटेवर धावताना चढ दमवतो, पण दगा उतारच देतो, हे पुन्हा जाणवले. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे त्यांचे दुखणे लगेच नव्हे, तर साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. सुट्या मुरमावर मैत्रिणीचा पाय घसरून घोटा मुरगळला. तिला खांद्याचा आधार देत उरलेली वाट उतरताना, ती एकटी असती तर काय झाले असते, या विचाराने माझा जीव कासावीस झाला. नवोदितांनी उतारावर पावले आखूड टाकावीत, नजर पुढच्या चार-पाच पावलांवर ठेवावी आणि अशा वाटेवर एकटे मुळीच जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक