सुहासला पत्र

मुंबई,
18 जानेवारी 2026

प्रिय सुहास,

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे, त्याबद्दल रागावू नकोस. घरी सर्व ठीक आहे. आईचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे. आज सकाळी कार्टर रोडच्या खडकांवरून परतलो आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगावी, हे सुचेना.

आरेची ती ऑक्टोबर 2019 ची रात्र तुला आठवतच असेल. नाकाबंदीच्या अलीकडे आपण उभे होतो, करवतींचे आवाज येत होते आणि अंधारात दिसत काहीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. त्यानंतर तू म्हणालास, ‘माणसे तुटायच्या वेळी जमतात आणि तुटून झाले की पांगतात.’ त्यावरून आपले केवढे भांडण झाले! ते वाक्य मला इतकी वर्षे सलत राहिले, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आज त्याच मेट्रोने मी कामाला जातो आणि आरे स्थानक आले की पुस्तकातून मान वर करवत नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि आपण रुळांवरून चालत घरी आलो, तेव्हा तो एकदाचा प्रसंग आहे असे वाटले होते. आता जून जवळ आला की झोप उडते. रात्री पावसाचा जोर वाढला की मी उठून भरतीची वेळ पाहतो, कारण समुद्र चढलेला असताना नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही. मुलगी विचारते, ‘बाबा, मी मोठी होईन तेव्हा आपले घर इथेच असेल ना?’ मी ‘हो’ म्हणतो, पण त्या ‘हो’त बळ नसते.

आज अमावास्या, म्हणून पाणी दूरवर ओसरले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, दोन महाविद्यालयीन मुली, एक रिक्षाचालक आणि मी, असे आम्ही बॅटऱ्या घेऊन उजाडण्याआधीच खडकांत उतरलो. खार दांड्याच्या एक कोळी मावशी टोकदार लोखंडाने कालवे (खाण्याचे शिंपले) काढत होत्या. त्यांनी हाक मारून एक डबके दाखवले. तळाशी तळहाताएवढा ऑक्टोपस होता. करड्या दगडावर करडा दिसणारा तो शेवाळाकडे सरकताच तपकिरी झाला. रिक्षाचालक गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, ‘या रस्त्याने मी रोज भाडी नेतो, आणि हा इथे राहतो!’ मुलींनी फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवले. उद्या या किनाऱ्यावर भराव घालायचे ठरले, तर येथे काही नव्हतेच असे कोणाला म्हणता येऊ नये, यासाठी आम्ही या नोंदी ठेवतो. सागरी किनारा मार्गासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीचे काही प्रवाळ हलवावे लागले; तेथे प्रवाळ आहेत हे आधी कोणी पाहून ठेवले होते, म्हणूनच त्यांचा प्रश्न तरी निघाला.

सुहास, तुझ्या वाक्याला हे माझे उत्तर आहे. ही माणसे काही तुटत नसतानाही जमतात आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा येतात. माझी काळजी गेलेली नाही, पाऊसही कमी होणार नाही. पण ती काळजी आता रात्री एकट्याने घेऊन बसावी लागत नाही. आज मुलीला ऑक्टोपसचा फोटो दाखवला, तेव्हा तिने घराचे विचारलेच नाही. पुढच्या वेळी मलाही न्या, एवढाच हट्ट धरला.

तुझ्या बदलीचे काय झाले? काकूंचा गुडघा कसा आहे? नव्या घराचा ताबा मिळाला असेल तर कळव.

1 फेब्रुवारीला पौर्णिमा आहे, म्हणजे पाणी पुन्हा असेच ओसरेल, आणि रविवारही आहे. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटेच उशिरा येते, म्हणजे तुझ्यापेक्षा बरीच वक्तशीर आहे. तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला ये. शेवाळावर पाय घसरतो, घट्ट तळव्याचे बूट आण.

तुझा,
अविनाश