कॅप कशाची बसवली ते पेशंटला लिहून द्या

संपादक साहेब, नमस्कार,

मी सांगलीत दातांना तारा बसवायचं काम करते. पूर्वी आमच्याकडं जास्त करून शाळा-कॉलेजची पोरं यायची, आता तिशी-चाळिशीतली माणसंही येतात, तासगाव, जत, कवठेमहांकाळकडनं, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या एखाद्या दाताचं आधीच रूट कॅनल होऊन वर कॅप बसलेली असते. कॅप कशाची आहे विचारलं तर उत्तर येतं, "मॅडम, दाताच्या रंगाची, भारीतली." त्यापुढं कुणालाच काही सांगता येत नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि मला यावरच लिहायचंय.

आपल्या नेहमीच्या दातावर ब्रॅकेट, म्हणजे तार ज्यात अडकवतात तो छोटा तुकडा, चिकटवायला फार काही लागत नाही. 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड थोडे सेकंद लावायचं, धुवायचं, कोरडं करायचं, की दात पांढरट दिसायला लागतो, त्यात बारीक छिद्रं पडलेली असतात, त्यांत रेझिन, म्हणजे चिकटवायचं पातळ प्लास्टिक, शिरतं आणि ते घट्ट करणारा लाइट मारला की ब्रॅकेट पक्कं. ॲसिडच्या या पद्धतीची मूळ कल्पना मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी 1955 साली मांडली आणि आज तारांचं बहुतेक काम तिच्यावरच चालतं. पण सिरॅमिकच्या, म्हणजे चिनी मातीसारख्या मटेरियलच्या, कॅपवर हेच ॲसिड लावलं तर वरची घाण तेवढी निघते, बाकी काही होत नाही. भट्टीतनं आलेला ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, इतका गुळगुळीत असतो की बाथरूमच्या टाइलला चिकटवलेला हूक जसा ओझं आलं की निसटतो तसं ब्रॅकेट निसटतं. मागं एक मुलगी आली होती, तार दुसरीकडं बसवलेली, लग्न तोंडावर, आणि वरच्या पुढच्या दाताचं ब्रॅकेट सारखं निघायचं, शेवटचं तर भडंग खाताना निघालं. घरात सगळे तिलाच बोलायचे की तू जपत नाहीस. अहो, त्या पोरीचा काय दोष? तो दात नव्हताच, कॅप होती, आणि कॅपसाठी वेगळं जे करावं लागतं ते कुणी केलंच नव्हतं.

ते वेगळं म्हणजे काय, तर आधी तो ग्लेझ बारीक डायमंड बरनं, म्हणजे हिऱ्याची पूड लावलेल्या ड्रिलच्या टोकानं, किंवा 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फवारा मारून खरखरीत करायचा, मग हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं जेल, साधारण 9.6 टक्क्यांचं, ते पोर्सेलिनमधली, म्हणजे काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकमधली, काच विरघळवतं, आणि मग सायलेन, जे एका बाजूनं पोर्सेलिनला धरतं आणि दुसऱ्या बाजूनं रेझिनला. ऐकायला सोपं वाटतं पण हे ॲसिड साधं नाही. हिरडीला किंवा ओठाला लागलं तर लगेच दुखेलच असं नाही, आत आत जाऊन भाजतं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं. म्हणून आम्ही आधी हिरडीवर रेझिनची आड घालतो, सक्शन दातापाशीच धरून ठेवतो, पेशंटला चष्मा घालतो आणि ॲसिड लागलंच तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवतो. काही जण हा धोका नको म्हणून फवारा आणि सायलेनवरच भागवतात, तेही बऱ्याचदा टिकतं.

आता खरी अडचण. ॲसिड किती वेळ ठेवायचं हे मटेरियलवर असतं. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकला कमी टक्क्यांचं ॲसिड वीसेक सेकंद पुरतं, मेटलवरच्या साध्या पोर्सेलिनला एक-दोन मिनिटं लागतात. आणि कॅप अख्खी झिरकोनियाची, म्हणजे फार कडक पांढऱ्या सिरॅमिकची, असली तर त्यात काचच नसते, मग ते जहाल ॲसिड तोंडात घालून उपयोग शून्य, तिथं फवारा मारून एमडीपी असलेला प्रायमर, म्हणजे झिरकोनियाला धरणारं रसायन असलेलं अस्तर, लावावा लागतो. त्यातही झिरकोनियावर पोर्सेलिनचा थर दिलेला असला की हिशोब परत बदलतो. आता हे नुसतं बघून कसं ओळखायचं? एक्सरेत मेटल आणि झिरकोनिया दोन्ही पांढरंच दिसतं. तार काढतानाही हीच गोष्ट आडवी येते, ब्रॅकेट फार घट्ट बसलं असेल तर काढताना पोर्सेलिनचा टवका उडू शकतो, आणि पॉलिश कितीही केलं तरी पहिला ग्लेझ तसाच येत नाही. कॅप बदलायचा खर्च येऊ शकतो हे पेशंटला तार बसवायच्या आधीच सांगायला हवं, नंतर नाही.

म्हणून आपल्या पेपरातनं माझी सांगली-मिरजेतल्या आणि गावोगावच्या सगळ्या डेंटिस्ट मंडळींना कळकळीची विनंती आहे. कॅप बसवली की कुठला दात, कुठलं मटेरियल, वर थर आहे का अख्खी एकाच मटेरियलची, तारीख आणि लॅबचं नाव एवढं लेटरहेडवर लिहून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. झिरकोनियाच्या बऱ्याच कॅपबरोबर लॅबकडनं वॉरंटी कार्ड येतं, ते आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ज्याच्या तोंडात कॅप आहे त्याच्या हातात द्या. आणि वाचकहो, तुम्हीही पैसे भरताना हा कागद मागून घ्या, लाजू नका, त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या अजून एखाद्याला पाठवून ठेवा, आणि तार बसवायला जाल तेव्हा डॉक्टरनं विचारायची वाट न बघता खुर्चीत बसल्या बसल्या सांगा की या दाताला कॅप आहे.

आपली,
एक दंतवैद्य, विश्रामबाग, सांगली